चार नंबरची वाटी

खडकेवाडीत कोणाच्याही लग्नाची आमटी चुलीवरून उतरली की पहिली वाटी उत्तरेश्वरनानाकडं जायची. नवरदेव ताटकळू दे, मुहूर्त टळू दे, नाना मांडी घालून बसायचा, एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटायचा, जिभेनं टाळूला दोन चापट्या मारायचा आणि निकाल द्यायचा. मीठ एक मूठ. नाहीतर, खोबरं खवट हाय, कोणत्या दुकानातून आणलं? मगच पंगत बसायची. आपल्या जिभेला डोळे आहेत, असं नानाचं म्हणणं होतं. भाकरीचा तुकडा चघळून ज्वारी कोणाच्या रानातली ते सांगीन, पाण्याचा घोट घेऊन विहीर सांगीन, असं तो धारूरच्या बाजारात परक्या माणसालासुद्धा थांबवून ऐकवायचा. आता गावात विहिरी होत्या तीन आणि त्यातल्या दोन आटलेल्या, तेव्हा चुकायला फारशी जागा नव्हती. पण हे त्याला तोंडावर सांगणार कोण?

सांगू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची बायको कौशल्याबाई. पण ती सांगायची नाही. नुसतं 'हं' म्हणायची, आणि त्या 'हं'ची चव नानाला सव्वीस वर्षांत ओळखता आली नव्हती.

दोन हजार तेरा सालचा उन्हाळा होळीची वाट न बघताच गावात शिरला. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन पत्र्याची टिपं भरून धूळ उडवत निघून जायचा. गुरं दोन कोसांवरच्या छावणीत नेऊन बांधली होती. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊस तोडायला गेलेलं, ते अजून फडातच होतं. मागं राहिलेल्या घरांच्या परसात, भांडी विसळलेल्या पाण्यावर, टमाट्याची दोन-तीन झाडं तेवढी तग धरून होती. त्यांची पानं कावीळ झाल्यासारखी पिवळी पडली होती, पण फळं लागत होती.

अशात धारूरहून सहकार खात्याचे साहेब आले. न आटलेली एकुलती विहीर सोसायटीच्या कचेरीमागं, सोसायटीच्याच मालकीची होती. पाणी मचूळ, माणसाच्या कामाचं नव्हतं. सकाळी चार घागरी आणि संध्याकाळी चार घागरी निघायच्या, एवढाच त्या विहिरीचा पगार. साहेबांनी वाकून विहीर बघितली आणि म्हणाले की ह्या पाण्यावर टमाट्याची रोपं जगतील. गावातलं जुनं बी दोन वर्षं उगवत नाहीये, तेव्हा चांगली फळं घेऊन ताजं बी धरा, सोसायटीच्या जागेत झाडं वाढवा आणि पाऊस लागला की घरोघरी रोपं वाटा. चेअरमन सुंदररावांनी लगेच होकार दिला. फक्त एक अडचण निघाली. आठ घागरीत एकच जात जगणार होती, आणि गावात जाती होत्या चार.

त्या चारही जाती घराण्यांसारख्या होत्या. दगडाबाई नावाच्या म्हातारीकडं 'लोटकी' होती, चपटी आणि पाकळ्या-पाकळ्यांची. तात्याबाकडं 'बैलडोळा', गोल आणि गडद. चेअरमनच्या मंडळी छबुबाई यांच्याकडं 'गुलाबी', जिची साल इतकी पातळ की नुसतं बोट रोखलं तरी फुटेल. आणि कौशल्याबाईकडं 'चिंचटी', बोराएवढी, दिसायला गरीब आणि चवीला जहाल आंबट. ते बी तिनं लग्नात चकलांब्याहून, माहेराहून, कुंकवाच्या करंड्यात घालून आणलं होतं. आईनं दिलेल्या वस्तूंपैकी तेवढं एकच अजून घरात शिल्लक होतं. भांडी फुटली होती, लुगडी विरली होती.

सोसायटीच्या बैठकीत सुंदररावांनी सुचवलं की वाद नको, आपल्या घरची गुलाबी घ्या. दगडाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं की सोसायटीचा ट्रॅक्टर तुमचा, गोदाम तुमचं, आता टमाटाबी तुमचाच कावून? त्यावर बरीच वादावादी झाली. तात्याबा म्हणाला चिठ्ठ्या टाका. कोणी म्हणालं मतदान घ्या. मतदान म्हटल्यावर सुंदररावांनी पाणी मागितलं, कारण सोसायटीची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. शेवटी सचिव राधाकिशननं तोडगा काढला. गावात एवढी नावाजलेली जीभ असताना मतदान कशाला? नाना चाखेल आणि सांगेल.

नाना कोपऱ्यात बसला होता. त्यानं एकदा नाही म्हणायचं असतं म्हणून नाही म्हटलं आणि दुसऱ्यांदा कोणी आग्रह करायच्या आत होकार दिला.

"माझी बायको ह्याच्यात हाय, हे मला ठावं हाय," तो उभा राहून म्हणाला. "पण जीभ नातं बघत न्हाई. जिभेला खोटं बोलता येत न्हाई."

नियम साहेबांनी घातले. कच्चं फळ दाखवलं तर आकारावरून ओळखू येईल, म्हणून प्रत्येकानं आपल्या टमाट्याचं सार करून आणायचं. त्यात फक्त मीठ घालायचं, बाकी काही नाही. चार सारख्या वाट्या, खाली नंबर, नावाच्या चिठ्ठ्या राधाकिशनच्या खिशात. जो नंबर निघेल त्या घरानं सोमवारपर्यंत दहा पिकली फळं बियाण्यासाठी आणून द्यायची. बाकीच्या तीन जातींचं काय, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. पुढचे तीन महिने भांड्याचं पाणीसुद्धा पिऊन टाकायची वेळ येणार होती. निवडला तो टमाटा राहणार, उरलेले जाणार.

त्यानंतरचे आठ दिवस नानाच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते. तात्याबा रोज सकाळी येऊन त्याला तंबाखू मळून द्यायचा. दगडाबाई, जिनं गेल्या दहा वर्षांत कोणाला ताकसुद्धा दिलं नव्हतं, ती झाकलेली ताटली घेऊन आली. छबुबाईंनी पुरणपोळ्या पाठवल्या आणि सोबत निरोप दिला की हे टमाट्यासाठी नाही, सहज. नाना सगळं निरपेक्ष मनानं खात होता. जीभ तयारीत ठेवावी लागते, असं तो कौशल्याबाईला सांगायचा.

कौशल्याबाईनं मात्र त्याला काही जास्तीचं घातलं नाही. एकदा फक्त, भाकरी थापता थापता, म्हणाली, "माज्या टमाट्याला नंबर द्या, असं मी म्हणत न्हाई. खरं वाटंल ते सांगा. तेवढंच बास."

नानाला हेच अवघड जात होतं. चिंचटी ओळखायला त्याला घोटाचीही गरज नव्हती, जिभेच्या टोकाला थेंब लागला तरी कळलं असतं. आणि तीच चारांत खरी उजवी आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तिला नंबर दिला तर गाव म्हणणार बायकोचा गुलाम निघाला. न दिला तर घरात राहायचं कसं? रात्रंदिवस विचार करून त्यानं ठरवलं की खरं तेच बोलायचं, आणि बोलायच्या आधी चांगलं अर्धा तास चाखायचं, म्हणजे लोकांना वाटेल की निकाल फार कष्टानं निघालाय.

तो दिवस उजाडला. नानानं धुतलेलं धोतर नेसलं, चूळ सात वेळा भरली आणि साखरेचा दाणाही न खाता सोसायटीत जाऊन बसला. गाव आधीच जमलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे टेबल. साहेबांची वाट बघत राधाकिशननं सगळ्यांना चहा दिला. नाना नको म्हणाला, पण समोर वाफाळता गिलास आल्यावर त्याला वाटलं, साहेब यायला अजून अवकाश आहे, हळूहळू पिऊ. त्यानं गिलास ओठाला लावला आणि दारात जीप थांबली. 'साहेब आले' म्हणून सगळे ताडकन उठले. नानाही उठला. नमस्कार करायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, गिलास ठेवायला जागा नाही आणि परीक्षकाच्या हातात अर्धा गिलास बरा दिसत नाही. असा सगळा विचार त्यानं निमिषात केला आणि उकळता चहा एका घोटात आत घेतला.

आता तो चहा थुंकावा तर समोर साहेब, आणि गिळावा तर तो चहा नव्हता, वितळलेलं शिसं होतं. नानानं गिळला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. साहेबांना वाटलं माणूस किती भावुक आहे. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नाना खुर्चीत बसला आणि त्यानं तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून बघितली. ती जीभ नव्हती. कोणीतरी घोंगडीचा तुकडा कापून तोंडात ठेवल्यासारखं झालं होतं.

पहिली वाटी समोर आली. नानानं घोट घेतला, डोळे मिटले, टाळूला चापट्या मारल्या. काहीच कळलं नाही. दुसरी वाटी घेतली, तेच. तिसरी, चौथी, सगळ्यांची चव एकच, आणि ती चव म्हणजे दुखणं. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. अर्धा तास चाखायचं असं ठरवलेलं होतं, ते तरी कामाला आलं. गाव श्वास रोखून बघत होतं. इतकं मन लावून कोणी चाखताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

साधी गोष्ट होती. जीभ पोळली, उद्या बघू, एवढं म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि घरी गेले असते. पण ज्याच्या जिभेला डोळे आहेत त्यानं चहानं आंधळी झाली म्हणून कसं सांगावं? नानानं दुसरा मार्ग धरला. जीभ गेली तर गेली, डोक्याचे डोळे शाबूत होते. त्यानं हळूच बायकांच्या बाजूला नजर टाकली. कौशल्याबाई एकटक तीन नंबरच्या वाटीकडं बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. नानाच्या डोक्यात उजेड पडला. तीन नंबर तिचा. म्हणजे तीनला नंबर देता येत नाही, चव कळल्याशिवाय बायकोला नंबर द्यायची त्याची छाती नव्हती. आणि तीनला नावंही ठेवायची नाहीत, घरी जायचंय. राहिल्या तीन वाट्या. त्यांत चार नंबरचं सार लालभडक, लग्नातल्या शालूसारखं चमकत होतं. ठरलं.

नाना उठला. बोलताना जीभ जड झाली होती, त्यामुळं आवाज आपोआप गंभीर निघाला. त्यानं आधी एकचं बरं म्हटलं. तीनचं फार चांगलं म्हटलं, घरंदाज म्हटलं. मग निकाल कडक वाटावा म्हणून कोणातरी एकाला झोडपणं भाग होतं, तेव्हा तो दोन नंबरवर घसरला. "दोन नंबर पानचट हाय," तो म्हणाला. "राग मानू नका, पण असलं टमाटं गुरालाबी घालू नये. गाय दूध द्यायचं बंद करील."

लोक हसले. नानाला जोर चढला. त्यानं चार नंबरची वाटी दोन्ही हातांनी उचलली.

"आणि हे. ह्याला म्हन्त्यात आपल्या डोंगराची माती. ही चव बाजारात पैसा फेकून मिळायची न्हाई. माज्या आज्याच्या वक्ताची चव हाय ही. हे बी मेलं तर गाव मेलं समजा."

टाळ्या पडल्या. राधाकिशननं खिशातून चिठ्ठ्या काढल्या आणि वाचल्या. एक, तात्याबा. दोन, कौशल्याबाई. तीन, दगडाबाई. चार, छबुबाई.

पहिली टाळी साहेबांनीच वाजवली. ते म्हणाले की आयुष्यात पुष्कळ परीक्षक बघितले, पण सख्ख्या बायकोचं टमाटं गुराला घालू नका म्हणणारा निःपक्षपाती माणूस पहिल्यांदा बघितला. सुंदररावांनी आपल्यासाठी आणलेला हार नानाच्या गळ्यात घातला. दगडाबाईनंसुद्धा मान डोलावली. ह्या सगळ्या कौतुकात दोनच माणसं गप्प होती. एक कौशल्याबाई, आणि दुसऱ्या, का कोण जाणे, जिंकलेल्या छबुबाई. त्यांचं तोंड तर पडलेल्या भिंतीसारखं झालं होतं.

घरी जाताना नाना बायकोच्या चार पावलं मागं चालला. तिनं त्या तीन नंबरकडं एवढं बघितलं कशासाठी, हे त्याला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. घरात शिरता शिरता तिनं स्वतःच सांगितलं की दगडाबाईच्या वाटीत माशी पडली होती आणि कोणी बघेना.

भांडण झालं नाही. झालं असतं तर नानाला बरं वाटलं असतं. कौशल्याबाईनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि मीठ ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि मीठ. तिसऱ्या दिवशी त्यानं भीत भीत विचारलं की घरात टमाट्याचं काही नाही का.

"हाय की," ती म्हणाली. "पन गुराला घालू नये ते तुमाला कसं घालू?"

गावात मात्र नानाचा भाव वाढला होता. पारावर बसला की लोक जागा करून द्यायचे. पलीकडच्या गावची माणसं भांडणं मिटवायला त्याला बोलवायला लागली, कारण हा माणूस बायकोचीसुद्धा भीड ठेवत नाही. नाना जायचा, पोळलेली जीभ सांभाळत हळूहळू बोलायचा, आणि लोक म्हणायचे, बघा, शब्द किती तोलून टाकतो.

सोमवार जवळ आला. राधाकिशन दोनदा चेअरमनच्या वाड्यावर जाऊन दहा फळं मागून आला होता, आणि दोन्ही वेळा छबुबाई डोकं दुखतंय म्हणून आतच राहिल्या होत्या. रविवारी दुपारी नाना ओट्यावर पडला होता तेव्हा छबुबाई स्वतः आल्या. पुढच्या दारानं नाही, परसाकडून आल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी दुरडी. नानाला वाटलं, आभार मानायला आल्या असतील, आणि कौशल्याबाई आता आठ दिवस साठवलेलं सगळं त्यांच्यावर काढणार. आतून दोघींचा आवाज आला, एक रडका आणि एक शांत. रडका आवाज नानाला पेलला असता. शांत आवाजाला तो फार घाबरत असे. त्यानं चपला हातात घेतल्या आणि बैलाला बघायला म्हणून छावणीकडं पळ काढला.

दिवस मावळताना परत आला तर घर शाबूत होतं. कौशल्याबाई चूल फुंकताना काहीतरी गुणगुणत होती. ताटात भाकरी होती आणि तिच्याशेजारी चक्क आमटी. नानानं मान खाली घालून जेवण केलं. सकाळी परसात गेला तर चिंचटीच्या तिन्ही झाडांवर एकही फळ नव्हतं.

"टमाटे कुठं गेले गं?"

"गुराला घातले," कौशल्याबाई म्हणाली.

गुरं दोन कोसांवर छावणीत होती, हे नानाच्या लगेच लक्षात आलं होतं. पण आमटी नुकतीच सुरू झाली होती. रागानं उकिरड्यावर फेकले असतील, असं त्यानं मनाशी धरलं. आणि मग दिवसभर त्याला जेवण गोड लागलं नाही. करंड्यातलं बी होतं ते. सव्वीस वर्षं ह्या बाईनं ते सांभाळलं, आणि आपण एका गिलासभर चहापायी त्याची वाट लावली. तीनदा तो सांगायला म्हणून चुलीपाशी गेला आणि तीनदा माचिस मागून परत आला. बिडी तो ओढत नव्हता.

सोमवारी छबुबाईंनी दहा फळांचं बी रीतसर धुऊन, वाळवून, पुडीत बांधून सोसायटीत दिलं. अख्खी फळंच द्यायची ठरली होती, पण त्या म्हणाल्या तुम्हाला त्रास नको म्हणून घरीच काढलं. सोसायटीच्या विहिरीशेजारी वाफे झाले. बायकांनी जुन्या साड्या बांबूला बांधून सावली केली. सकाळी चार घागरी, संध्याकाळी चार. झाडं कुंथत-कण्हत वाढली, पण वाढली. मृग लागला, आभाळ दोन वेळा तोंड दाखवून गेलं, तिसऱ्यांदा बरसलं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पहिली फळं रंगात आली.

सुंदररावांनी कार्यक्रम ठेवला. साहेबांना बोलावलं. वाफ्याशेजारी पाटी रोवली, 'छबू गुलाबी', आणि पहिलं फळ चाखून दोन शब्द बोलायचा मान अर्थातच नानाला दिला. जीभ केव्हाच बरी झाली होती. नाना ऐटीत पुढं गेला. फळ हातात घेतलं तेव्हाच त्याला जरा चुकल्यासारखं वाटलं, कारण ते गुलाबी नव्हतं आणि बोराएवढं होतं. छबुबाई घाईघाईनं म्हणाल्या, औंदा पाणी कमी पडलं ना, म्हणून आकार राहिला. लोकांना ते पटलं. नानानं फळ तोंडात टाकलं.

दाताखाली फुटलं आणि नानाच्या कानामागं झिणझिणी उठली. तो डोळे मिटायचं विसरला. ही चव ओळखायला डोळे असलेली जीभ नको होती, कुठल्याही जिभेनं ओळखली असती. सव्वीस वर्षं रोज दोन वेळा ती त्याच्या ताटात होती.

सगळं गाव बघत होतं. साहेब वही काढून उभे होते. नाना घास गिळेना. ही गुलाबी नव्हे, चिंचटी आहे, असं म्हणावं, तर उद्या लोक विचारणार की मग त्या दिवशी चार नंबरला तू कोणती माती चाखलीस? आणि दोन नंबरला पानचट म्हणालास ती जीभ कोणाची होती? त्यानं बायकांच्या बाजूला बघितलं. कौशल्याबाई त्याच्याचकडं बघत होती. ह्या वेळी कुठं माशी नव्हती.

"हीच," नाना म्हणाला. "हीच चव. म्या म्हनलो व्हतो ना, हे बी मेलं तर गाव मेलं."

टाळ्या पडल्या. छबुबाईंनी इतक्या जोरात सुस्कारा टाकला की शेजारची दगडाबाई दचकली.

घरी आल्यावर नानानं टोपी खुंटीला लावली, आणि तिथंच, खुंटीकडं तोंड करून, चहाचं सगळं सांगून टाकलं. मागं वळायचा धीर नव्हता. कौशल्याबाई ऐकत ज्वारी निवडत होती. सांगून झाल्यावर ती म्हणाली की हे तिला त्याच दिवशी माहीत होतं. उकळता गिलास त्यानं घशात ओतला तेव्हा ती समोरच बसली होती. तिला वाटलं होतं, आता हा बाबा उठून सांगेल. तो सांगेना, म्हणून तिला राग आला. नंबर गेला त्याचा राग नव्हता.

"जीभ कोनाचीबी पोळंल," ती म्हणाली. "पोळलेल्या जिभेनं एवढं बोलायचं कावून?"

मग तिनं छबुबाईंचं सांगितलं. गुलाबीची झाडं परीक्षेच्या आधीच वाळून गेली होती. पुढाऱ्यांची छावणीला भेट होती, आणि सुंदररावांनी परसातल्या झाडांसाठी ठेवलेलं टिपभर पाणी जीप धुवायला वापरलं होतं. अख्खं गाव दोन टिपांवर दिवस काढत असताना चेअरमननं जीप धुतली, हे बाहेर फुटलं असतं तर पुढच्या वर्षी निवडणुकीत जीपसुद्धा मागं उभी राहिली नसती. म्हणून बिचाऱ्या छबुबाईंनी गुपचूप धारूरच्या बाजारातून किलोभर हायब्रीड टमाटे आणवून सार केलं. आपलं टमाटं चौथं आलं तरी चालेल, पण वाटी रिकामी दिसायला नको, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि नानानं त्या बाजारच्या टमाट्याला आज्याच्या वक्ताची चव दिली.

नाना खुंटीकडून मागं वळला. त्यानं विचारलं, "मंग तू चिंचटीचं बी तिला फुकट दिलंस? नावबी तिचंच लागलं की."

"नाव पाटीवर हाय. पाटी पावसात धुऊन जाईल," कौशल्याबाई म्हणाली. "बी तर घरोघर जानार. आमच्या आईचं बी हाय, माज्या परसात मेलं असतं ते आता साठ घरांत लागंल." आणि फुकट काही दिलं नाही, असंही तिनं सुपातले खडे वेचता वेचता सांगितलं. छबुबाईंकडून एक शब्द घेतला होता. तो कोणता, ते मात्र तेव्हा सांगितलं नाही.

ते कळायला दिवाळी उजाडली. साहेबांनी आता मिरचीचं गावठी बी धरायचं ठरवलं, गावात मिरचीच्या पाच जाती निघाल्या, आणि सोसायटीनं एकमतानं ठराव केला. परीक्षक म्हणून सौभाग्यवती कौशल्याबाई यांना नेमावं. सूचक छबुबाई, अनुमोदक दगडाबाई. वाट्या मांडणं, विसळणं आणि माशा वारणं हे काम अनुभवी माणूस म्हणून उत्तरेश्वरनानाकडं द्यावं.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले. कौशल्याबाई टेबलामागं खुर्चीत बसलेली आणि नाना खांद्यावर फडकं टाकून खाली बसलेला बघून ते गोंधळले. त्यांना वाटलं काहीतरी मानापमान झाला असावा. ते वाकून हळूच नानाला म्हणाले की नाना, तुमच्यासारखा जाणकार इथं असताना हे कसं काय? निदान तुमचं मत तरी सांगा, कोणती मिरची ठेवावी?

नानानं एकदा वर खुर्चीकडं बघितलं.

"साहेब, मला न्हाई इचारायचं," तो म्हणाला. "आमच्यात ते खातं आता यांच्याकडं गेलंय." आणि त्यानं पाच नंबरची वाटी पुसून टेबलावर ठेवली.